पावणेचार फूट सरळ

चामड्याच्या कामात पट्ट्याइतका हट्टी आकार दुसरा नाही. पाकीट करायचं असेल तर चामड्यावरचा डाग चुकवता येतो. फरमा जरा इकडे सरकवला, जरा फिरवला की काम झालं. बॅगेचा एखादा डाग शिवणीखाली जातो, एखादा अस्तराच्या बाजूला. चपलेचे तर बहुतेक तुकडे लहानच. पट्ट्याला मात्र पावणेचार फूट लांब आणि दीड इंच रुंद अशी सलग, सरळ पट्टी लागते. त्या सगळ्या लांबीत गोचिडाची खूण चालत नाही, काटेरी तारेचा ओरखडा चालत नाही, पराणीची टोचणी चालत नाही. जनावर आयुष्यात कुठे घासलं, कुठे अडकलं, कुठे त्याला जू लागलं याचा सगळा नकाशा कातड्यावर असतो. कारागीर त्या नकाशावर बिनखड्ड्याचा एक रस्ता शोधत असतो. महाराष्ट्रात हे काम किती अवघड आहे, हे वेगळं सांगायला नको.

हातानं केलेल्या पट्ट्याची किंमत ऐकली की गिऱ्हाईक पहिल्यांदा पट्टीकडे बघतं. एवढीशी तर पट्टी, तिचे एवढे पैसे? प्रश्न रास्त आहे. गंमत अशी की पट्टा करायला नव्यानं शिकलेला कारागीरही किंमत ठरवताना हाच प्रश्न विचारतो आणि तिथेच फसतो.

आधी पावणेचार फुटांचा हिशेब पाहू. ज्याच्या पँटवर 34 लिहिलेलं असतं, त्याला साधारण 36चा पट्टा लागतो. हे 36 म्हणजे बकलाच्या दांडीपासून मधल्या भोकापर्यंतचं अंतर. भोकं पाच, एकमेकांपासून इंचभर लांब. म्हणजे मधल्याच्या अलीकडे दोन, पलीकडे दोन. दिवाळीच्या फराळाला आणि श्रावणातल्या उपासांना दोन-दोन इंचांची सवलत. शेवटच्या भोकापुढे टोकासाठी चार इंच आणि बकलाभोवती दुमडायला तीन. 36 अधिक 2 अधिक 4 अधिक 3, बेरीज 45 इंच. दीड इंच रुंदी धरली तर या पट्टीचं क्षेत्रफळ अर्धा चौरस फूटही भरत नाही. नेमकं सांगायचं तर 0.47.

चामडं विकलं जातं चौरस फुटांवर. व्यापाऱ्याकडच्या प्रत्येक नगाच्या मागच्या, खरखरीत बाजूला त्याचं माप लिहिलेलं असतं. या लिखाणाची एक ठरलेली रीत आहे. 18 या आकड्याच्या डोक्यावर बारीक 2 काढलेला असला तर तो वर्ग नव्हे. ते दोन पाव, म्हणजे माल साडेअठरा फूट. बारीक 3 असला तर पावणेएकोणीस. पावकी-निमकी पाठ केलेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

आता समजा, एका कारागिरानं पाठीच्या कण्यावर उभं चिरलेलं अर्धं कातडं घेतलं. याला बाजारात ‘साईड’ म्हणतात. माप 20 फूट आणि भाव फुटाला 180 रुपये धरू. (हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत; बाजारात मालागणिक भाव फिरतो.) एकूण 3,600 रुपये झाले. नवखा कारागीर गुणाकार करतो: 0.47 गुणिले 180, म्हणजे पट्ट्यामागे चामडं 85 रुपयांचं. वहीत 85 लिहून तो मोकळा होतो.

पण कातडं म्हणजे कापडाचा तागा नव्हे. त्याचा प्रत्येक फूट सारख्या भावानं विकत घेतलेला असला, तरी सारख्या कामाचा नसतो. पाठीचा आणि पुठ्ठ्याचा भाग सगळ्यात घट्ट. तिथले तंतू एकमेकांत दाट विणलेले असतात. मानेकडे सुरकुत्या येतात. पोटाचं चामडं सैल असतं, कारण जनावर खातं, फुगतं, गाभण राहतं आणि ती कातडी ताणायलाच बनलेली असते. पोटाकडच्या भागातून कापलेला पट्टा दोन महिन्यांत लांबतो आणि आपोआप पुढच्या भोकावर जातो. माणसाला वाटतं आपण बारीक झालो.

म्हणून पट्टे कापायचे ते कण्याला समांतर, पाठीच्या भागातून. 20 फुटांच्या साईडमध्ये असा भाग नऊ फुटांच्या आसपास धरू. त्यातून कागदावर 19 पट्ट्या निघतात. डाग, खुणा आणि वाकडी कड सोडली की हातात 14 उरल्या तरी नशीब. 3,600 भागिले 14 केलं की चामड्याचा खर्च पट्ट्यामागे 257 रुपये येतो. नवख्याच्या वहीतल्या 85 रुपयांच्या तिप्पट! उरलेल्या तेरा-साडेतेरा फुटांतून पाकिटं, किल्ल्यांच्या वाद्या, चष्म्याची घरं, पट्ट्याला लागणाऱ्या लूप होतात, हे खरं. पण हा माल विकला गेला, तरच त्याचे पैसे पट्ट्यावरून उतरवता येतात. पाकिटं फडताळात पडून राहिली, तर तो सगळा भार पुन्हा पट्ट्याच्याच कमरेवर. काही कारागीर या भानगडीत न पडता नुसता पाठीचा कापलेला भाग विकत घेतात. तिथे फुटाचा भाव चढा असतो, पण वहीत खोटा आकडा लिहिण्याची सोय राहत नाही.

मराठीत कातडं ‘कमावतात’. तेच क्रियापद पैशाला आणि तालमीतल्या शरीरालाही लागतं. तिन्हीकडे अर्थ एकच, की कच्च्या गोष्टीवर वेळ आणि मेहनत घातली म्हणजे ती टिकाऊ होते. आणि पट्ट्याच्या बाबतीत ही कमाई कोणत्या पद्धतीनं केली आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

जुनी पद्धत वनस्पतींची. साली, फळं, पानं यांत टॅनिन नावाची तुरट द्रव्यं असतात. कच्ची सुपारी किंवा हिरडा चघळल्यावर जिभेला जी मिठी बसते, ती टॅनिननं लाळेतल्या प्रथिनांना धरल्यामुळे. कातड्यातल्या कोलॅजन या प्रथिनालाही ते असंच धरतं, आणि मग ते प्रथिन कुजत नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावतात. चुन्यात घालून केस काढलेलं कातडं या पाण्यात मुरवतात. नंतर त्याची पिशवी शिवून ती टांगतात आणि आत सालीचं पाणी भरतात. पाणी हळूहळू कातड्यातून झिरपत राहतं आणि जाताना टॅनिन मागे ठेवतं. दक्षिणेत याच कामाला तरवडाची साल वापरली जाई. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या कॉलिटन गावी बेकर यांची टॅनरी आजही ओकच्या सालीवर काम करते. तिथल्या हौदांतून जाड कातडं बाहेर यायला वर्षाहून जास्त काळ लागतो.

नवी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. 1858 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिख क्नाप यानं तिचं रसायन मांडलं. 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्झ यानं तिचं पेटंट घेतलं, आणि त्याला निमित्त झालं बायकांच्या कॉर्सेटचं. कॉर्सेटमधल्या पोलादी पट्ट्यांवर चढवलेल्या तुरटीच्या चामड्यामुळे पोलाद गंजत होतं. शुल्झला न गंजवणारं चामडं हवं होतं. क्रोमनं काम महिन्यांवरून दिवसांवर आलं. आज जगातल्या चामड्यापैकी सुमारे चार-पंचमांश चामडं क्रोमचंच असतं. ते मऊ, हलकं आणि पाण्याला दाद न देणारं असतं. जॅकेटला, बुटाच्या वरच्या भागाला ते उत्तम. पट्ट्याला मात्र कणा लागतो. वनस्पतींवर कमावलेलं चामडं ताठ राहतं, कमी लांबतं, आणि त्याची कड ओली करून घासली की तंतू दबून चकाकतात. क्रोमच्या चामड्याची कड कितीही घासा, स्पंजासारखी फुगून वर येते. तिला रंगाचा लेप द्यावा लागतो. हातानं पट्टे करणारे बहुतेक जण वनस्पतींवर कमावलेलं चामडं मागतात ते भूतकाळाच्या प्रेमापोटी नव्हे, या कडेपायी.

या चामड्याची एक खोड आहे. लोखंड लागलं की ते काळं पडतं. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की शाई होते, तेच रसायन इथे घामाच्या मदतीनं घडतं. पट्टा भिजला आणि बक्कल साध्या लोखंडाचं असलं, तर दुमडीच्या जागी काळा डाग उमटतो. यावर उपाय पितळेचं बक्कल. भरीव पितळेचं बक्कल हातात घेतल्याबरोबर वजनानं कळतं. स्वस्त बक्कल जस्ताच्या मिश्रधातूचं, साच्यात ओतलेलं आणि वरून मुलामा दिलेलं असतं. ते गंजत नाही, पण त्याचा मुलामा उडतो आणि एके दिवशी जिना चढताना त्याची दांडी तुटते. दोन्हींच्या भावात कितीतरी पट फरक असतो आणि दुकानाच्या काचेआड दोन्ही सारखीच पिवळी दिसतात.

काचेआडच्या आणखी एका गोष्टीबद्दल बोलायला हवं. रस्त्यावर दोन-तीनशे रुपयांना मिळणाऱ्या पट्ट्यावर मागे ‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का असतो. तो खोटाच असतो असं नाही. जाड कातडं यंत्रावर आडवं चिरून त्याचे थर काढतात. वरचा थर केसांच्या मुळांची छिद्रं असलेला, दाट आणि सगळ्यात मजबूत. खालच्या थराला स्प्लिट म्हणतात. तोही चामडंच, पण मोकळ्या विणीचा. त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन दाणा छापला की तो वरच्या थरासारखा दिसतो. स्वस्त पट्ट्यात अशा दोन पातळ पापुद्र्यांमध्ये पुठ्ठ्यासारखं भरण घालून कडा दुमडून शिवलेल्या असतात. कधी भरण असतं ते चामड्याचा भुसा डिंकात कालवून केलेल्या पत्र्याचं. वर्षभरात भोकाच्या जागी पापुद्रा सुटतो आणि आतलं करडं भरण डोकावू लागतं. सँडविचच आहे ते. फक्त पाव खरा.

हातानं केलेला चांगला पट्टा याच्या उलट, एकाच अखंड थराचा असतो. जाडी साडेतीन ते चार मिलिमीटर. अमेरिकन कारागीर ही जाडी औंसांत सांगतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, जवळपास 0.4 मिलिमीटर. वजनाचं माप जाडीला लागलं, कारण तेवढ्या जाडीच्या एका चौरस फुटाचं वजन साधारण एक औंस भरत असे. पट्ट्याला नऊ ते दहा औंसांचं चामडं लागतं, म्हणजे जुन्या पद्धतीनं मोजलं तर फुटाला पाव किलोच्या आसपास.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू आणि घड्याळ लावून बसू.

आधी साईडची एक कड सरळ करायची. जनावराला सरळ कड नसते. ती पोलादी पट्टी ठेवून कापावी लागते. मग लाकडी पट्टीकापाचं पातं दीड इंचावर लावून पट्टी ओढून काढायची. निवड, आखणी आणि कापणीला पंधरा मिनिटं. बकलाकडची तीन इंच पट्टी दुमडायची तर तिथलं चामडं निम्म्यावर आणावं लागतं, नाहीतर दुमड बोटाएवढी जाड होते. चांभाराची रापी इथे कामाला येते. आडवी धरून, अंगाकडून बाहेर, कांद्याच्या पातीसारखे पातळ काप काढायचे. हात एकदा घसरला की पट्टी फुकट. आणखी पंधरा मिनिटं. चारही कडांचे कोपरे मारणं आणि कडेलगत रेघ ओढणं, पंधरा. रंग लावणं आणि पुसणं, वीस; वाळायला रात्रभर, पण तो वेळ कुणी मोजत नाही.

मग कड. पट्ट्याचं सगळं रूप कडेत आहे. जाणकार माणूस पट्टा हातात आला की समोरून बघत नाही, आडवा धरून कड बघतो. आधी पॉलिशकागदानं घासायची, मग ओली करायची, डिंकाचं पाणी लावायचं, आणि लाकडाच्या खाचेत किंवा जाड कॅनव्हासच्या तुकड्यानं घासत राहायचं. घर्षणानं कड तापते, तंतू झोपतात, रंग गडद होतो. पुन्हा बारीक कागद, पुन्हा डिंक, पुन्हा घासणं. शेवटी मेण. दोन्ही बाजूंची मिळून साडेसात फूट कड होते. चाळीस मिनिटं कुठे जातात, कळत नाही. आणि घाईत वीस मिनिटांत आटपलेली कड दुसऱ्या महिन्यात उसवल्यासारखी दिसते.

भोकं, बकलाची लांबट फट, लूप, जोडणी यांना वीस मिनिटं. दुमडीची शिवण पंधरा. तेल, पुसणं, शेवटची नजर यांना दहा. एकूण 150 मिनिटं, अडीच तास.

यात पूर्ण पट्टाभर फिरणारी शिवण धरलेली नाही. तिचा हिशेब वेगळाच करायला हवा, कारण गिऱ्हाईक ती सहज मागतं: ‘कडेनं टाके पण मारून द्या ना.’ दोन्ही बाजू मिळून 90 इंच, इंचाला आठ टाके, म्हणजे 720 टाके. हातशिवणीत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा मध्यभागी एकमेकांत नुसते अडकलेले असतात. एक तुटला की दुसरा सुटत जातो. हातशिवणीत एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसरा तीच भोकं धरून बसलेला असतो. मजबुती या दोन सुयांत आहे आणि वेळही. एका टाक्याला दहा सेकंद धरले तरी 7,200 सेकंद होतात. नेमके दोन तास. एकपदरी पट्ट्याला याची खरं तर गरज नसते, ती केवळ शोभा असते. दुपदरी पट्ट्याला मात्र शिवणीवाचून गत्यंतर नाही. पोलिस अधिकाऱ्याच्या खांद्यावरून तिरका जाणारा क्रॉस बेल्ट याच जातीचा. त्याचा मूळ नमुना सॅम ब्राऊन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा. 1858 मध्ये रोहिलखंडातल्या लढाईत त्याचा डावा हात गेला. तलवारीचं म्यान डाव्या हातानं धरता येईना, म्हणून ते ओझं खांद्यावर घेणारा पट्टा त्यानं करवून घेतला. ओझं पेलायचं असेल तर शिवण जोरदार हवी, ही अट तेव्हापासून त्या पट्ट्याला चिकटलेली आहे.

आता वही उघडू. चामडं 257. पितळेचं बक्कल 120 धरू. दोरा, रंग, डिंक, मेण मिळून 40 आणि खोका 40. माल झाला 457 रुपयांचा. मजुरी तासाला 150 रुपये धरली तर अडीच तासांचे 375. बेरीज 832. जागेचं भाडं, वीज, झिजणारी हत्यारं, फुकट गेलेल्या पट्ट्या यांसाठी शेकडा पंधरा, म्हणजे 125. झाले 957. त्यावर शेकडा वीस नफा धरला की 1,148. गोल करून 1,150 रुपये.

ही किंमत कारागिराच्या दारातली. तोच पट्टा दुकानात ठेवायचा असेल तर दुकानदार साधारणपणे विक्रीच्या किमतीतला निम्मा वाटा मागतो. त्याला जागा आहे, नोकर आहेत, न विकलेला माल आहे. म्हणजे किंमत 2,300. त्यावर 18 टक्के जीएसटी लागला की लेबलवर 2,714. गिऱ्हाईक म्हणतं, 2,700 रुपयांचा पट्टा! त्यातले मजुरीचे आणि नफ्याचे मिळून 566 रुपये कारागिराच्या घरी जातात.

बहुतेक कारागीर इथे एक चूक करतात आणि ती दयाळूपणाची असते. ओळखीचा माणूस थेट दारात आला की त्याला 1,150 ला देतात, आणि तोच पट्टा कोपऱ्यावरच्या दुकानात 2,700 ला असतो. दुकानदार महिन्याभरात माल परत पाठवतो. थेट विकतानाही दुकानाच्या जवळपासचीच किंमत ठेवावी लागते, कारण दारात विकणं हेसुद्धा काम आहे. फोटो काढणं, मेसेजला उत्तर देणं, कुरिअरच्या रांगेत उभं राहणं, आणि ‘माझा साईझ 34 आहे’ असं सांगणाऱ्याला मोजपट्टी घेऊन जुना पट्टा मोजायला लावणं. पँटवरच्या आकड्यावर कधीच विसंबायचं नाही. कंपन्या 34 लिहितात आणि कंबर 36 ठेवतात, गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून. मापाचा पट्टा चुकला तर तो परत येतो आणि दुसऱ्या कुणाच्या कमरेला बसत नाही. दिवसात आठ तास काम करणारा माणूस जेमतेम पाच तास बाकावर असतो. तासाला 150 रुपये या दरात ते उरलेले तीन तासही भागवायचे असतील, तर खरा दर 94 रुपयांच्या आसपास येतो.

खर्च कमी करण्याचा खरा मार्ग एकच: घाऊकीत काम. एका पट्ट्यासाठी रंगाची बाटली उघडा किंवा दहा पट्ट्यांसाठी, फडकं तेवढंच भिजतं. पट्टीकाप एकदा लावला की दहा पट्ट्या निघतात. भोकांचा साचा एकदा बसवला की पंचवीस पट्टे टोचता येतात. अडीच तासांचं काम तासाभरावर येऊ शकतं. कड मात्र हट्टानं आपला वेळ घेतेच.

घाऊकीचं हे शास्त्र पाहायचं तर धारावीत जावं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कडेला, खाडीकाठी टॅनऱ्या आल्या, कारण वांद्र्याचा कत्तलखाना जवळ होता आणि वास शहरापासून लांब राहत होता. तमिळ प्रांतातून चामड्याच्या धंद्यातली मुस्लीम कुटुंबं आली, महाराष्ट्रातून ढोर आणि चांभार समाज आला. 1970च्या दशकात कत्तलखाना देवनारला गेला, टॅनऱ्या हळूहळू उठल्या. वस्तू बनवण्याचं काम मात्र तिथेच राहिलं. आता तयार चामडं चेन्नई, कोलकाता, कानपूरहून येतं आणि शीव-वांद्रे लिंक रोडवरच्या दुकानांमागच्या गाळ्यांत त्याचे पट्टे, पाकिटं, बॅगा होतात. एक जण फक्त कापतो, एक फक्त सोल्युशन लावून चिकटवतो, एक मशीनवर, एक कडेला रंग देतो. भाव नगावर, हिशेब डझनावर. 2015 मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आल्यावर इथल्या कच्च्या मालाचं गणित बदललं. म्हैस कायद्याच्या बाहेर राहिली. देशात 2019 च्या पशुगणनेनुसार सुमारे 11 कोटी म्हशी आहेत, त्यामुळे म्हशीच्या चामड्याला तोटा नाही. त्याचा दाणा मोठा, अंग जाड. पट्ट्याला ते चांगलंच चालतं.

या कामाची मजुरी इतकी कमी का, याचं उत्तर बाजारात पूर्णपणे सापडत नाही. गावगाड्यात चांभार हा बारा बलुतेदारांतला एक. त्यानं वहाणा करायच्या, मोट शिवायची, आसुडाला वादी लावायची, आणि वर्षाकाठी सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचं बलुतं घ्यायचं. एका वहाणेची किंमत कुणी काढत नव्हतं आणि तिला किती तास लागले हे तर नाहीच. कातडं कमावणाऱ्याला गावाबाहेर ठेवलं, त्यानं कमावलेल्या कातड्याच्या वहाणा पायात घातल्या, आणि ते काम हलकं ठरवलं की त्याला भावही हलकाच मिळतो. बलुतं गेलं, रोखीचा व्यवहार आला, तरी तास न मोजण्याची सवय दोन्ही बाजूंना राहिली. शहरातला इंजिनिअर नोकरी सोडून छंद म्हणून पट्टे करू लागतो तेव्हा पहिल्या दिवशी ताशी दर लिहितो. पिढ्यानपिढ्या रापी चालवणाऱ्याला तो विचारणंसुद्धा भांडल्यासारखं वाटतं.

नाव आणि जागा बदलली की काय होतं, ते कोल्हापुरीच्या बाबतीत नुकतंच दिसलं. या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. जून 2025 मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं अगदी तशाच चपला मांडल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. इकडे गदारोळ झाला, कंपनीनं मूळ मान्य केलं, तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: 2,000 जोड, जोडाची किंमत सुमारे 800 युरो. चामडं तेच, हिरडा-बाभूळ तेच, हात तेच. वहीतल्या मालाच्या आणि मजुरीच्या ओळी फारशा बदलत नाहीत. शेवटची ओळ कोण लिहितो, ते बदलतं.

चांगला पट्टा वर्षानुवर्षं चालतो आणि मग एखाद्या दिवशी त्याला आणखी एक भोक लागतं. पट्टा लांबत नाही, माणूस आटतो किंवा सुटतो. अशा वेळी मूळ कारागिराकडे कुणी जात नाही. स्टेशनबाहेर, पिंपळाखाली, काळी छत्री बांधून बसलेल्या चांभाराकडे पट्टा जातो. तो पट्टा हातात घेतो, आडवा धरून कड बघतो, अंगठ्यानं जाडी चाचपतो. शेवटच्या भोकापासून इंचभर अंतर नजरेनंच मोजतो, पंच ठेवतो आणि हातोडीचा एक ठोका घालतो. दहा रुपये. वेळ अर्धा मिनिट, म्हणजे तासाला बाराशे. आपल्या हिशेबातल्या कारागिराच्या आठपट. मग तो हातोडी खाली ठेवतो, पडलेली चामड्याची टिकली झटकतो आणि पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत रस्त्याकडे बघत बसतो. ते कधी साडेचारच्या लोकलला येतं, कधी साडेसहाच्या.